हेअर ट्रान्सप्लांटला सव्वातीन वर्षं : क्लिनिकने काय नीट केलं आणि काय सांगितलंच नाही

मी लग्नाचे फोटो काढतो. लालबागला राहतो, पंधरा वर्षं याच धंद्यात आहे. उजेड कुठून पडला की केस दाट दिसतात आणि कुठून पडला की टाळू उघडी पडते, हे रोजच्या कामातलं ज्ञान. तरीही ट्रान्सप्लांट करायचं ठरवलं तेव्हा क्लिनिकमधल्या टॅबवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघताना मी ते ज्ञान बाजूला ठेवलं. कुणीतरी माझ्यासारखाच आत्ता तो टॅब हातात घेऊन बसला असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

क्लिनिक अंधेरी पश्चिमेला आहे. नाव लिहीत नाही. डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि जी तक्रार आहे ती मी चौकशी केलेल्या चारही ठिकाणी लागू पडते.

ऑपरेशन जुलै २०२२ मध्ये झालं. चातुर्मासात लग्नं नसतात, हाताशी मोकळे महिने असतात, म्हणून तेव्हा केलं. वय ३४. पुढचे दोन्ही कोपरे मागे गेलेले, मधला पुंजका विरळ. टक्कल किती पुढे गेलंय ते मोजायच्या नॉरवूडच्या तक्त्यात तिसरी पायरी, असं डॉक्टर म्हणाले. बाबांच्या आणि दोन्ही मामांच्या डोक्यावर आता फक्त कडेची झालर उरली आहे, म्हणजे पुढची पायरी कुठली ते घरात रोज दिसत होतं.

पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर म्हणून बसलेल्या बाईंनी पेन्सिलने भुवयांच्या जेमतेम तीन बोटं वर रेघ ओढली, ३,५०० ग्राफ्ट (म्हणजे डोक्याच्या मागून काढून पुढे लावायची केसांची मुळं) लागतील म्हणाल्या आणि आजच बुकिंग केलं तर किंमत कमी होईल असं सांगितलं. अंधेरीला मात्र डॉक्टरांनी स्वतः अर्धा तास दिला. मागचे केस भिंगाखाली बघितले, किती दाट आहेत ते मोजलं आणि रेघ बोटभर वर घेतली. मी थोडी खाली घ्या म्हटलं, तर म्हणाले, "पन्नाशीत हेच कपाळ तुमच्यासोबत असणार आहे, तेव्हा विचित्र दिसेल." त्या एका वाक्यावर मी ठरवलं.

बायकोला मात्र वेगळी काळजी होती. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्याच एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता आणि ती बातमी आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात होती. तिने डॉक्टरांना सरळ विचारलं की काही झालं तर पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय करणार, ऑक्सिजन कुठे आहे, जवळचं हॉस्पिटल कुठलं. त्यांनी उठून खोली दाखवली, सामान दाखवलं, एका दिवसात अडीच हजारांच्या वर ग्राफ्ट काढत नाही असं सांगितलं. मी हे प्रश्न विचारले नसते. जाणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या अशा एका माणसाला सोबत न्यावं.

खर्च सांगतो. ग्राफ्टला ४५ रुपये, २,४०० ग्राफ्ट, म्हणजे १,०८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १९,४४०, कारण हेअर ट्रान्सप्लांटला आरोग्यसेवेची करमाफी मिळत नाही. एकूण १,२७,४४०. मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही, मिळणार नाही हे आधीच माहीत होतं.

ऑपरेशनचा दिवस लांबलचक असतो. सकाळी आठला डोकं भादरलं. भुलीची इंजेक्शनं हाच काय तो त्रास, डोक्याच्या मागे आणि मग पुढे, प्रत्येक वेळी पाच मिनिटं दात आवळून काढायची. त्यानंतर काही दुखत नाही, फक्त कवटीत बारीक घरघर ऐकू येते. तीन तास पालथा पडून होतो. मशीनच्या टोकाला मिलिमीटरभराची पोकळ नळी असते, ती एकेका मुळाभोवती फिरते आणि मूळ चिमट्याने उचललं जातं. उचललेली मुळं गार सलाइनच्या बशीत. दुपारी डबा आला, पोळी आणि फ्लॉवरची भाजी. त्यानंतर डॉक्टरांनी स्वतः पुढच्या भागात चिरा पाडल्या. मुळं खोचायचं काम दोन टेक्निशियन मुलींनी केलं.

संध्याकाळी निघताना त्यांनी एक कागद दिला, तो मी अजून जपून ठेवलाय. एका केसाची मुळं ४२०, दोन केसांची १,३१०, तीन केसांची ६७०. बेरीज २,४०० ग्राफ्ट आणि ५,०५० केस. ग्राफ्ट आणि केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बऱ्याच लोकांना बिल भरल्यावर कळतं. कोणी ‘पाच हजार केस’ सांगतो, कोणी ‘अडीच हजार ग्राफ्ट’, आणि दोन्ही एकच काम असू शकतं. एका केसाची मुळं अगदी पुढच्या ओळीत लावतात, म्हणजे कपाळाची कड नैसर्गिक दिसते. पुढे तीन केसांची लावली तर बाहुलीच्या डोक्यासारखी झुबक्यांची रांग दिसते. साधारण ६० चौरस सेंटीमीटर भाग भरला, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ४०. असा लेखी हिशोब जे क्लिनिक देतं त्याच्या कामावर मी विश्वास ठेवीन.

त्यानंतरचे दहा दिवस पाठ टेकवून अर्धवट बसूनच झोपलो. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरली, दोन दिवसांत ओसरली. दहाव्या दिवशी खपल्या धुऊन निघाल्या. बाहेर धो धो पाऊस, म्हणून महिनाभर लोकलने गेलोच नाही. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले आणि पाचव्या आठवड्यापर्यंत जवळपास सगळे गेले. हे होणार असं सांगितलेलं होतं. मूळ आत राहतं, वरचा केस झडतो आणि नवीन यायला तीन-चार महिने लागतात. तरी उशीवर सव्वा लाखाचे केस बघून पोटात खड्डा पडतोच. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तेव्हा टोपी घालूनच काम केलं. चौथ्या महिन्यात बारीक, वाकडे, लव असल्यासारखे केस दिसायला लागले. आठव्या महिन्यात ते सरळ आणि जाड झाले. जुलै २०२३ मध्ये, बरोबर वर्षाने, मी आरशासमोर उभा राहून भांग पाडला. आठ वर्षांनी.

इथवरच्या कामाला मी दहापैकी नऊ गुण देतो. एक कापला तो मागच्या केसांसाठी. सलूनमध्ये मशीन दोन नंबरवर फिरवलं की मागे पांढरे बारीक ठिपके दिसतात. टाका नसतो म्हणून खूण राहणार नाही असं मला सांगितलं होतं. केस चार नंबरवर ठेवले की काही दिसत नाही, पण ज्यांना अगदी बारीक केस ठेवायची सवय आहे त्यांना हे आधी सांगायला हवं.

तेव्हाच, वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी, क्लिनिकने माझे फोटो काढले आणि वापरायला माझी परवानगी घेतली. मी आनंदाने दिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्याच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. व्हिडिओवाल्याने जिब, म्हणजे कॅमेरा वर-खाली नेणारा लांब दांडा, लावला होता, कॅमेरा वरून सप्तपदीवर उतरणार होता. चार दिवसांनी एडिटला बसलो तेव्हा त्या शॉटमध्ये मीच समोर आलो, होमाच्या बाजूला वाकून उभा, वरचा सगळा प्रकाश डोक्यावर. पुढची लावलेली पट्टी दाट काळी. तिच्या मागे, टाळूच्या अलीकडे, बोटभर रुंद फिकट जागा. त्यामागे पुन्हा केस, तेही विरळ. मी शॉट थांबवला, मोठा करून बघितला, मग लॅपटॉप बंद केला. समोरून आरशात यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण पुढचे केस ती जागा झाकत होते.

ट्रान्सप्लांटचं सगळं शास्त्र एका निरीक्षणावर उभं आहे. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राईक यांनी ते १९५९ मध्ये मांडलं. केस जिथून आला तिथला स्वभाव सोबत घेऊन येतो. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या केसांवर डीएचटी या हॉर्मोनचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून ते पुढे लावले तरी टिकतात. पण याचा अर्थ असाही होतो की त्यांच्या शेजारी उभे असलेले माझे मूळचे केस आपला स्वभाव सोडत नाहीत. ते ऑपरेशनच्या आधी जात होते, नंतरही जात राहिले. डॉक्टरांनी रेघ ओढताना पन्नाशीचं कपाळ डोळ्यासमोर ठेवलं, पण रेघेच्या मागे पन्नाशीत काय उरेल ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं.

घरी येऊन जुनी फाइल काढली. डिस्चार्जच्या कागदाच्या मागच्या बाजूला, अँटिबायोटिक आणि सूज उतरायच्या गोळीच्या खाली, एक ओळ होती : फिनास्टराइड १ मिग्रॅ रोज, मिनॉक्सिडिल ५ टक्के दिवसातून दोनदा, चालू ठेवणे. मी ते लावलेल्या केसांसाठीचं औषध समजलो होतो, होतं ते मूळचे केस राखण्यासाठी. दोन महिन्यांनी गोळ्यांचं पाकीट संपलं, केमिस्टकडे परत गेलो नाही. सहाव्या आणि बाराव्या महिन्याला तपासणीला गेलो तेव्हा गोळी घेताय का, हे कुणी विचारलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मोठी आहे. ‘चालू ठेवणे’ हे दोन शब्द समोर बसवून सांगायला पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांअभावी माझे दीड वर्षाचे केस गेले.

क्लिनिकमध्ये परत गेलो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. काउन्सेलरने डोकं बघून अजून १,५०० ग्राफ्ट लागतील असं सांगितलं आणि नमुना म्हणून टॅब पुढे केला. तिसरा फोटो माझाच होता, जुलै २०२३ चा. तो फोटो खोटा नव्हता. पण मी समोर बसलेलो होतो आणि त्या फोटोतला माणूस आता तसा राहिला नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा मी ते फोटो फोटोग्राफरच्या डोळ्याने बघितले. ‘आधी’च्या जवळपास प्रत्येक फोटोत हनुवटी खाली, केस ओले किंवा चापून मागे, वर उघडी ट्यूबलाइट. ‘नंतर’च्या फोटोत केस सुकवून फुलवलेले आणि पुढे घेतलेले, उजेड समोरून आणि मऊ, हनुवटी वर, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. एवढ्या बदलात मी कुणाचेही केस ऑपरेशनशिवाय दाट दाखवून देईन. त्यावर केराटिनची पूड भुरभुरली तर जवळूनही कळणार नाही. आपले केस काळे आणि त्वचा सावळी, दोन्हींतला फरक कमी, त्यामुळे विरळपणा आणखी लपतो. डोक्यावरचे निम्म्याच्या आसपास केस जाईपर्यंत साध्या डोळ्याला पत्ता लागत नाही, असं डॉक्टर सांगतात. चौरस सेंटीमीटरला ४० मुळं लावून डोकं भरलेलं दिसतं ते त्यामुळेच, आणि लावलेल्या पट्टीमागचे मूळचे केस वर्षभर जात राहिले तरी आरसा गप्प राहतो तेही त्यामुळेच.

म्हणून क्लिनिकमध्ये गेलात तर हे मागा : केस ओले करून मागे फिरवलेला फोटो, वरून काढलेला टाळूचा फोटो, जिथून मुळं काढली त्या मागच्या भागाचा फोटो, आणि वर्षाचा नको, तीन वर्षांनंतरचा. एकाच माणसाचे चारही असले पाहिजेत. आणि त्या माणसाची गोळी चालू आहे की नाही ते विचारा. माझा वर्षाचा फोटो बघून कुणी पैसे भरले असतील तर त्यांना तीन वर्षांचाही बघायला मिळायला हवा होता. परवानगी मी तेव्हाच लेखी मागे घेतली, त्यांनी फोटो टॅबवरून काढून टाकला, हेही नोंदवतो.

मार्च २०२४ मध्ये दादरला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. ऑपरेशन करत नाहीत, कुठलं पॅकेज विकत नाहीत. त्यांनी भिंग लावून टाळूची जागा पडद्यावर दाखवली. एकाच मुळाशी एक केस जाड, शेजारचा कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक. "हे बारीक झालेत, गेलेले नाहीत. यातले काही परत जाड होतील. जे बंद झाले ते होणार नाहीत," इतकं स्पष्ट बोलल्या. वर्षभर औषध घेतल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनचा विचारही करू नका, कारण मागे साठा मर्यादित आहे, २,४०० काढून झालेत, माझ्या बाबतीत आयुष्यभरात आणखी तेवढेच जेमतेम निघतील. ते आत्ता भरून टाकले आणि मूळचे केस जातच राहिले तर पुढे भरायला काहीच उरणार नाही.

औषधाबद्दल त्या जितक्या बोलल्या तितकं मला आधी कुणीही सांगितलेलं नव्हतं. फिनास्टराइड मुळात प्रोस्टेटचं औषध. १ मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झाली. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम ती अडवते. थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होते, तसं वाटलं तर लपवू नका, लगेच फोन करा म्हणाल्या. पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, हे दोनदा विचारलं. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला, तेव्हा पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःहून तो विषय काढला आणि झोप, चिडचिड, मन कसं असतं, सगळं विचारून घेतलं. घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेली गोळी त्यांनी हाताळायची नाही. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली तर ही गोळी चालू असल्याचं सांगायचं, कारण आकडा निम्म्यावर येतो.

आणि रक्तदान बंद, गोळी सोडल्यावरही महिनाभर. हे मला सगळ्यात जड गेलं. आमच्या मंडळाच्या शिबिरात मी अठराव्या वर्षापासून दरवर्षी रक्त दिलंय. आता गणपतीत नावनोंदणीच्या टेबलावर बसतो. मंडळातल्या दोघांना तिथेच कळलं की तेही हीच गोळी घेतात आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दोघंही रांगेतून बाजूला झाले.

मिनॉक्सिडिलची कथा वेगळी. हे आधी रक्तदाबाचं औषध होतं, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्यावर लावायचं औषध झालं. पहिले दोन महिने केस जास्त गळले. तसं होणार हे सांगितलं होतं म्हणून टिकलो. पाण्यासारखं जे सोल्यूशन मिळतं त्याने माझ्या टाळूला खाज सुटायची, त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकोलमुळे. मुंबईच्या घामात ते चिकट होऊन कपाळावर उतरायचं, उशीचे अभ्रे तेलकट व्हायचे. फेस मिळतो तो महाग आहे, पण त्यात ते द्रव्य नाही आणि पाच मिनिटांत वाळतो. मी फेसावर आहे. दोन्ही औषधांचे महिन्याला नऊशेच्या आसपास जातात. ट्रान्सप्लांटचं बजेट करताना हे पैसे धरा, जितकी वर्षं केस हवेत तितकी वर्षं धरा. औषध सोडलं की राखलेले केस काही महिन्यांत जातात.

दर महिन्याच्या १ तारखेला मी घरीच फोटो काढतो. मोरीच्या दारासमोर फरशीवर काळ्या टेपच्या दोन खुणा आहेत, एक स्टुलाची, एक ट्रायपॉडची. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ ८, आयएसओ ४००, वरून एकच बल्ब. केस ओले, कंगव्याने सरळ मागे. समोरून, वरून, मागून. हे तिन्ही बायको काढते, मला नुसतं मान खाली घालून बसायचं असतं. मोबाइलवाल्यांनाही जमेल, फक्त जागा, बल्ब आणि वेळ बदलू नका, आणि मोबाइलचा तो चेहरा गुळगुळीत करणारा मोड बंद ठेवा. रोज आरशात बघून काहीच कळत नाही, उगाच दिवस खराब जातो. सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं.

माझं असं दिसतंय. मार्च २०२४ ते ऑगस्ट २०२४, जागा तशीच, थोडी वाईटच. डिसेंबर २०२४ ला गळती थांबलेली. या ऑक्टोबरच्या फोटोत ती फिकट पट्टी अजून आहे, पण तिच्या दोन्ही कडांनी आत काळे केस आलेत, बोटभर रुंद होती ती आता अर्ध्यावर आहे. २०२३ चा भांग परत आलेला नाही. पुढची लावलेली पट्टी जशीच्या तशी, तिच्यातला केस हललेला नाही.

अंधेरीचं क्लिनिक मित्राला सुचवशील का, असं परवा एकाने विचारलं. हात त्यांचाच असू दे म्हटलं, पण आधी सहा महिने दादरला जा, गोळी सोसते का बघ, गळती थांबते का बघ, मग रेघ ओढून घे. त्याचं वय २६ आहे आणि त्याला दिवाळीनंतर लगेच करायचंय. मी त्याला जिबचा तो शॉट दाखवला.

पुढचा फोटो १ नोव्हेंबरला. त्याच आठवड्यात तुळशीची लग्नं लागतील, आणि यंदा पहिलं काम पुन्हा ठाण्याच्या त्याच हॉलमध्ये आहे.